शब्द परका, प्रत्यय घरचा

वर्धा शहरालगतच्या गोपुरीत एक मंदिर असे आहे की ज्यात मूर्ती नाही आणि ज्याच्या माथ्यावर छप्परही नाही. उघड्या आकाशाखाली उभ्या केलेल्या शिळा आहेत, आणि त्या शिळांवर विनोबांच्या ‘गीताई’चे अठरा अध्याय कोरलेले आहेत. संस्कृत गीता आपल्याला समजत नाही, मग ती मराठीत तूच का आणीत नाहीस, अशा आशयाचे आईचे बोलणे मनात धरून विनोबांनी ७ ऑक्टोबर १९३० रोजी वर्ध्यात या कामास आरंभ केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ते सिद्धीस नेले. श्लोकास श्लोक असे हे समश्लोकी रूपांतर आहे. तथापि ज्याने ते एकदा मोठ्याने म्हटले आहे त्याच्या हे सहज ध्यानात येते की, मुळातील घट्ट समास येथे सुटे झाले आहेत, प्रत्यय मराठीचे लागले आहेत, आणि अर्थाचा सांधा मात्र जागचा हललेला नाही. रचना झाल्यावर विनोबांनी ती आश्रमातील लहान मुलींच्या वर्गात शिकवून पाहिली, आणि ज्या ज्या ठिकाणी त्या मुली अडल्या त्या त्या ठिकाणी शब्द बदलले.

ज्या विषयाच्या निमित्ताने या गोष्टीचे स्मरण करावयाचे, तो विषय प्रथमदर्शनी गीताईपासून फार दूरचा वाटेल. सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, हिंगणघाटला, आर्वीला आणि आता खेड्यापाड्यांतूनही जी मुले-मुली संगणकाचे प्रोग्राम लिहावयास शिकतात, त्यांतील बहुतेकांना एका भाषेवर भागत नाही. महाविद्यालयात सी किंवा सी-प्लस-प्लस, नोकरीत जावा, आवडीने पायथॉन, वेबपानांसाठी जावास्क्रिप्ट, असा त्यांचा प्रवास होतो. आणि दुसऱ्या भाषेत पाऊल टाकताच पहिलीत हाताशी असलेली एखादी सोय येथे नाही, हे जाणवून मन खट्टू होते. मग कोणी उत्साही मनुष्य ती सोय नव्या भाषेत आणावयास बसतो. ते आणणे कसे असावे, काय जसेच्या तसे घ्यावे आणि काय वितळवून पुन्हा ओतावे, हा प्रश्न वरवर यंत्राचा दिसतो. वस्तुतः तो भाषांतराचा आहे, आणि भाषांतराची जाण मराठी वाचकाला उपजतच आहे.

प्रथम ही ‘सोय’ म्हणजे काय ते पाहू. मनुष्याने संगणकाला आज्ञा देण्यासाठी ज्या कृत्रिम भाषा घडविल्या, त्या प्रत्येकीची दोन अंगे असतात. एक अंग व्याकरणाचे: वाक्य कसे सुरू करावे, अट कशी घालावी, तीच क्रिया पुनःपुन्हा कशी करवून घ्यावी. दुसरे अंग म्हणजे भाषेबरोबरच हाती पडणारा सिद्ध साधनांचा साठा. मतदारयादीतील नावे वर्णानुक्रमे लावणे, फाइल उघडून तिच्यातील मजकूर वाचणे, दोन तारखांमधील दिवस मोजणे, वर्गमूळ काढणे, ही कामे प्रत्येकाने आरंभापासून लिहावीत अशी अपेक्षा नसते. घर बांधणाऱ्याने विटाही स्वतःच भाजाव्यात असे कोण म्हणेल? हा साठा म्हणजे त्या भाषेची स्टँडर्ड लायब्ररी. व्याकरण पंधरा दिवसांत अंगवळणी पडते, पण साठ्याशी घरोबा होण्यास वर्षे लागतात. आणि म्हणूनच मनुष्य जेव्हा भाषा सोडतो तेव्हा त्याला व्याकरणापेक्षा या कोठाराचीच आठवण अधिक येते.

उसनवारीचा हा व्यवहार आपल्या भाषेने शतकानुशतके केला आहे. जिल्हा, तहसील, दप्तर, कचेरी, अर्ज, हुकूम हे शब्द फारसी कारभाराबरोबर आले. परंतु मराठीने त्यांना आपल्या घरी ठेवून घेताना प्रत्यय आपले लावले. ‘कचेरीत’, ‘दप्तराला’, ‘तहसिलीचा’ असे आपण म्हणतो तेव्हा शब्द परका असला तरी त्याची चालचलणूक पूर्णपणे मराठी असते. दुसरा मार्गही आपल्याकडे झाला: शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला आणि राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. एका मार्गात वस्तू आणून तिला घरचा प्रत्यय लावावयाचा, दुसऱ्यात केवळ कल्पना आणून तिला घरचा शब्द घडवावयाचा. संगणकाच्या भाषांतही हे दोनच मार्ग सन्मानाचे आहेत. तिसरा मार्ग, म्हणजे परका शब्द परक्याच प्रत्ययासह आणून ठेवणे, हा आळसाचा. आणि त्याची किंमत पुढच्या पिढ्यांना द्यावी लागते.

या तीनही मार्गांचे दाखले इतिहासात स्पष्ट मिळतात. पडद्यावर आकडे व मजकूर ठराविक साच्यात उमटविण्याचे ‘प्रिंट-एफ’ हे साधन कोणत्याही विद्यार्थ्याच्या पहिल्या आठवड्यातच भेटते. ते सी भाषेचे म्हणून प्रसिद्ध असले तरी त्याचे कुळ मागचे आहे: केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल भाषेत ‘राइट-एफ’ होते, तेथून केन थॉम्पसन यांच्या बी भाषेतून ते डेनिस रिची यांच्या सी भाषेत १९७२ च्या सुमारास आले. ‘येथे पूर्णांक घाला, येथे नाव घाला’ अशा खुणा असलेला एक साचा द्यावयाचा आणि त्यामागून त्या जागी बसणाऱ्या वस्तू द्यावयाच्या, ही त्याची मूळ कल्पना. सी भाषेत पूर्णांकाच्या जागी चुकून दुसरेच काही दिले, तर काय होईल याची हमी भाषा देत नाही. २००४ मध्ये जावाने हे साधन घेतले तेव्हा साच्याच्या खुणा जवळजवळ त्याच ठेवल्या, परंतु चुकीची वस्तू दिसताच काम थांबवून चूक सांगण्याचा जावाचा कडक स्वभावही त्यात ओतला. साचा परका, शिस्त घरची. उसनवारी अशी असावी.

याच्या उलट दाखला तारखांचा आहे, आणि तो प्रत्येक शिकणाऱ्याने मनावर कोरून ठेवावा. सी भाषेच्या साठ्यात महिने शून्यापासून मोजले जातात, म्हणजे जानेवारी शून्य आणि डिसेंबर ११. वर्ष १९०० पासून किती पुढे, ते लिहिले जाते. दिवस मात्र एकापासून. महिन्यांच्या नावांची यादी त्या भाषेत शून्यापासूनच मोजली जात असल्यामुळे तेथे या पद्धतीत काही सोय तरी होती. जावाच्या पहिल्या आवृत्तीने ही रीत उचलली. मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांना अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना सिद्ध करावा लागला. ती भाषा जावासारखी दिसावी अशी वरिष्ठांची इच्छा होती, आणि तारखांचा विभाग जावावरून तसाच उतरवून घेतला गेला. १९९७ मध्ये जावाने आपली चूक ओळखून त्यातील बहुतेक साधने त्याज्य ठरविली, आणि २०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत तारखांसाठी अगदी नवा, विचारपूर्वक रचलेला संच दिला. जावास्क्रिप्टमध्ये मात्र शून्याचा जानेवारी तसाच राहिला, कारण एव्हाना जगातील असंख्य वेबपाने त्यावर विसंबून होती. २००० च्या जानेवारीत काही संकेतस्थळांवर वर्ष ‘१९१००’ असे उमटले, त्याचे कारण हेच: १९०० पासून शंभर वर्षे झाली, हा शंभराचा आकडा १९ च्या पुढे नुसता चिकटविला गेला. एका भाषेतील गैरसोय दुसरीत आणि दुसरीतील तिसरीत गेली. घाईने केलेल्या शब्दशः भाषांतरात मूळ लेखकाच्या लेखणीच्या चुकाही ग्रंथाचा भाग होऊन बसतात, तशातलाच हा प्रकार.

प्रिंट-एफ हे एकच साधन होते. एका भाषेत पिकलेला संपूर्ण विचार दुसरीत रुजविण्याचे उदाहरण पाहावयाचे तर अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांच्या कार्याकडे वळावे लागते. मॉस्कोत जन्मलेल्या या गणितज्ञाला एक गोष्ट वारंवार खटकत असे. शोधणे, क्रम लावणे, मोजणे, उलट करणे अशा पन्नास क्रिया आहेत, आणि माहिती ठेवण्याच्या दहा तऱ्हा आहेत असे समजा; तर प्रत्येक क्रिया प्रत्येक तऱ्हेसाठी वेगळी लिहावी लागल्यास पाचशे प्रोग्राम होतात. हिंगणघाटच्या बाजारात कापसाला एक काटा, तुरीला दुसरा आणि सोयाबीनला तिसरा ठेवावा लागला असता, तर व्यापार चालता ना! क्रिया आणि साठा यांच्यामध्ये एखादा सामाईक दुवा घातला, तर पन्नास क्रिया आणि दहा साठे, अशा साठ रचनांत सारे काम होते. हा दुवा म्हणजे ‘इटरेटर’: जपमाळेवर ठेवलेले बोट. बोटाला ‘पुढचा मणी’ आणि ‘हा मणी कोणता’ एवढेच कळले की पुरे. माळ तुळशीची आहे की रुद्राक्षांची, हे जप करणाऱ्याला जाणून घ्यावे लागत नाही.

स्टेपानोव्ह आणि डेव्हिड मसर यांनी हा विचार प्रथम स्कीम भाषेत आणि मग एडा भाषेत मांडला. एडातील त्यांचा संच १९८९ मध्ये ग्रंथरूपानेही प्रसिद्ध झाला. तथापि एडाच्या व्याकरणात अशी सर्वसामान्य रचना दर वेळी वापरण्यापूर्वी ‘ही मी अमुक प्रकारच्या वस्तूंसाठी वापरीत आहे’ असे स्वतंत्र निवेदन करावे लागे. जणू प्रत्येक अर्जास वेगळा मुद्रांक. ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत मेंग ली यांच्यासह तोच विचार सी-प्लस-प्लसमध्ये आणताना स्टेपानोव्ह यांना दोन गोष्टी अनुकूल सापडल्या. एक, ही भाषा दिलेल्या वस्तूंवरून प्रकार आपोआप ओळखते. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, म्हणजे सी भाषेकडून वारशाने आलेला ‘पॉइंटर’, स्मृतीतील जागेकडे दाखविणारे बोट, तेथे आधीच घरोघरी वापरात होते. स्टेपानोव्ह यांनी इटरेटरची चालचलणूक हेतुपुरस्सर पॉइंटरसारखी ठेवली. पुढे सरकण्याची खूण तीच, आतील वस्तू पाहण्याची खूण तीच. त्यामुळे सी-प्लस-प्लस लिहिणाऱ्याला परका पाहुणा आला असे न वाटता आपलाच एखादा नातलग शिकून-सवरून घरी परतला असे वाटले. नोव्हेंबर १९९३ मध्ये सॅन होजे येथे प्रमाणीकरण समितीपुढे हा विचार मांडला गेला, जुलै १९९४ मध्ये तो स्वीकृत झाला, आणि १९९८ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात तो सी-प्लस-प्लसचा अविभाज्य घटक झाला. सुमारे आठ महिन्यांत एवढा मोठा संच समितीच्या गळी उतरावा, याचे श्रेय विचाराच्या थोरवीला आहेच. पण त्याला घरचा प्रत्यय लावला होता, यालाही ते आहे.

परका प्रत्यय तसाच राहिला तर काय होते, हे पायथॉनच्या साठ्यातील चाचणी-संचावरून कळते. लिहिलेला प्रोग्राम बरोबर चालतो की नाही हे प्रोग्रामनेच तपासण्याची रीत केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेत बसविली. एरिक गामा यांच्यासह त्यांनी १९९७ मध्ये ती जावात आणली, आणि तेथून ती ‘युनिटटेस्ट’ या नावाने २००१ मध्ये पायथॉनच्या स्टँडर्ड लायब्ररीत आली. कल्पना अत्यंत उपयुक्त आणि तिने पायथॉनचे मोठेच हित केले. परंतु नावे जावाच्या वळणाची राहिली. पायथॉनमध्ये दोन शब्द जोडताना मध्ये अधोरेषा देण्याची वहिवाट. येथे मात्र दुसऱ्या शब्दाचे पहिले रोमन अक्षर मोठे लिहून जोडलेली ‘असर्ट-इक्वल’, ‘सेट-अप’, ‘टिअर-डाउन’ अशी नावे आजही आहेत. पायथॉनमध्ये ‘असर्ट’ हा शब्द व्याकरणातच उपलब्ध असताना त्यासाठी निराळी साधने शिकावी लागतात. पुढे ‘पायटेस्ट’ नावाचा संच निघाला, त्याने पायथॉनचा तो घरचा शब्दच वापरला, आणि पुष्कळ लोक तिकडे वळले. मधली वर्षे सर्वांनी परक्या उच्चारात काढली.

नावांचा प्रश्न डोळ्यांना दिसतो तरी. अधिक खोल अडचणी दिसत नाहीत, आणि सामान्य वाचकाने निदान तीन ओळखून ठेवाव्यात. पहिली मालकीची. पायथॉनमध्ये एखाद्या साधनाने मजकुराचा तुकडा तुम्हाला दिला, तर तो ठेवलेली स्मृतीची जागा काम संपल्यावर कोण रिकामी करील, हा प्रश्न तुम्ही कधी विचारीत नाही. भाषेचा एक झाडूवाला मागून येऊन ती जागा स्वच्छ करतो. सी भाषेत असा झाडूवाला नाही. तेथे तेच साधन आणावयाचे तर मालकी कोणाची आणि नुसती वहिवाट कोणाची, याचा खुलासा सातबाऱ्याच्या उताऱ्याइतका स्पष्ट करावा लागतो. नाहीतर एक तर जागा कोणीच मोकळी करीत नाही, किंवा दोघेही करू पाहतात आणि प्रोग्राम कोसळतो. रस्ट भाषेने हा मालकीहक्कच व्याकरणाचा नियम केला आहे. त्यामुळे अन्य भाषेतील साठा रस्टमध्ये आणणाऱ्याला प्रत्येक साधनाविषयी हा विचार नव्याने करावाच लागतो.

दुसरी अडचण चुकीच्या निवेदनाची. मागितलेली फाइल सापडली नाही, तर जावा चालू काम सोडून वर कोणीतरी दखल घेईपर्यंत आरोळी देत जाते; सी बहुधा एक ठराविक आकडा हळूच परत करते; गो भाषा उत्तराबरोबर चुकीचा कागद वेगळा देते. एकीची रीत दुसरीत आणली तर वापरणारा जेथे सावध असतो तेथे चूक येत नाही, आणि जेथे येते तेथे तो सावध नसतो. तिसरी अडचण मोजणीची. आपण मराठीत ‘एक ते दहा’ म्हणतो तेव्हा दहा त्यात धरलेलेच असतात, आणि आर भाषेतही तसेच आहे. पायथॉनमध्ये मात्र एकापासून दहापर्यंतची मर्यादा दिली तर मोजणी नऊवर थांबते. सी शून्यापासून मोजते, फोरट्रान आणि ज्युलिया एकापासून. या भेदाकडे दुर्लक्ष करून केलेल्या रूपांतरात चूक एका घराची असते, आणि एका घराची चूक पकडणे सर्वांत कठीण, कारण उत्तर जवळजवळ बरोबर दिसते.

स्वभावातील भेद याहून सूक्ष्म असतो. हास्केल भाषेत कोणतीही गोष्ट तिची गरज पडेपर्यंत काढलीच जात नाही. त्यामुळे ‘सर्व मूळ संख्या’ अशी अनंत यादी लिहून तिच्यातील पहिल्या शंभर खुशाल घेता येतात. पायथॉन स्वभावाने तत्पर. सांगितले की लगेच करते. हास्केल, एपीएल आणि स्टँडर्ड एमएल या भाषांपासून स्फूर्ती घेऊन २००३ मध्ये पायथॉनने ‘इटरटूल्स’ हा संच आपल्या साठ्यात घातला, तेव्हा हा सावकाशपणा त्याने इटरेटर नावाच्या एका वेगळ्या पात्रात ठेवला. हास्केलची यादी विहिरीसारखी, कितीदाही पोहरा सोडा. पायथॉनचे ते पात्र प्रसादाच्या ताटासारखे, एकदा वाटून झाले की रिकामे. ही मर्यादा त्यांनी मान्य केली आणि सरळ सांगितली, म्हणून तो संच पायथॉनमध्ये सुखाने नांदतो.

आता आपल्याच प्रांतातील उदाहरणाकडे येऊ; त्याचे मूळ मात्र दूरदेशी आहे. १९६७ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे वॉली फॉयरझाइग, सिमोर पापर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी लहान मुलांसाठी लोगो नावाची भाषा रचली, आणि तिच्यात लवकरच एक कासव आले. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ असे चार वेळा सांगितले की कासव चालत चालत चौकोन काढते. मुलाला त्रिकोण काढावासा वाटतो. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा हे त्याने पाठ केलेले असते, म्हणून तो ६० वळावयास सांगतो आणि आकृती उघडी राहते. मग तो स्वतः उठून कासवासारखा चालून पाहतो, आणि त्याला उमगते की वळावयाचे आहे १२० अंश, कारण पूर्ण फेरीत एकंदर ३६० अंश वळलेच पाहिजे. जिनिव्हात ज्याँ पियाजे यांच्या सहवासात बालमनाचा अभ्यास केलेल्या पापर्ट यांची श्रद्धा अशी की, मूल हातांनी आणि देहाने जे घडविते तेच त्याला खरोखर समजते.

हे कासव पुष्कळ भाषांनी दत्तक घेतले. पायथॉनच्या स्टँडर्ड लायब्ररीत ‘टर्टल’ या नावाने ते नांदत आहे. मुंबईच्या आयआयटीत अभिराम रानडे यांनी ते सी-प्लस-प्लसमध्ये आणले, आणि हे काम मला विशेष आदरणीय वाटते. सी-प्लस-प्लस ही भाषा बलाढ्य, पण नवशिक्याशी फटकून वागणारी. एखादी क्रिया चार वेळा करा एवढे सांगण्यासाठी तिच्यात एक मोजणारा ठेवा, त्याला आरंभ द्या, मर्यादा द्या, प्रत्येक फेरीत वाढवा, इतका सोपस्कार करावा लागतो. ज्याने कधी प्रोग्राम पाहिलेला नाही असा विद्यार्थी पहिल्या दिवशी या सोपस्कारातच दमून जातो. रानडे यांनी ‘सिम्पलसीपीपी’ नावाचा संच रचून त्यात कासव आणले, आणि लोगोतील ‘रिपीट’ हा शब्दही आणला. लोगोत लिहावयाचे ‘रिपीट ४’ आणि पुढे चौकोनी कंसात आज्ञा. सिम्पलसीपीपीत ‘रिपीट’, गोल कंसात ४, आणि पुढे महिरपी कंसात त्याच आज्ञा, प्रत्येकीनंतर अर्धविराम. कल्पना लोगोची, कंस आणि अर्धविराम सी-प्लस-प्लसचे! मूळ भाषेला हात न लावता, तिच्याच शब्द-विस्ताराच्या सोयीने हा नवा शब्द तिच्या व्याकरणात बसविला आहे. आणि विद्यार्थी पुढे गेला की ‘रिपीट’ बाजूला ठेवून तो भाषेचे स्वतःचे फेऱ्यांचे रूप शिकतो, तेव्हा त्याला काहीच विसरावे लागत नाही. या पायावर उभारलेले त्यांचे ‘ॲन इंट्रोडक्शन टू प्रोग्रॅमिंग थ्रू सी-प्लस-प्लस’ हे पाठ्यपुस्तक २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

वर्ध्याच्या माणसाला हे वाचताना दुसरे एक साधन आठवल्यावाचून राहणार नाही, आणि ते म्हणजे सूत कातावयाची टकळी. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण-परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तिच्या अहवालातून जी योजना पुढे आली ती ‘वर्धा शिक्षण योजना’ किंवा ‘नई तालीम’ म्हणून देशभर ओळखली गेली. हातातील उद्योगाच्या अनुषंगाने गणित, भूगोल, विज्ञान शिकवावयाचे, या पद्धतीला नई तालीममध्ये ‘समवाय’ असा सुंदर शब्द आहे. सूत किती कातले, किती वेळात, किती तार तुटले, यांतून बेरीज आणि सरासरी; कापूस कोठे पिकतो, यांतून भूगोल. पापर्ट यांच्या कासवाचा आणि सेवाग्रामच्या टकळीचा उगम निरनिराळा आहे, त्यांच्यात गुरुशिष्याचे नाते जोडणे योग्य होणार नाही. परंतु दोन दूरच्या देशांत, दोन भिन्न मार्गांनी, ज्ञान हाताच्या वाटेने डोक्यात जाते हाच निष्कर्ष निघाला. आणि कल्पना एका भाषेची, एका देशाची, एका यंत्राची मिरास नसते, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

मिरासीचा प्रश्न न्यायालयातही गेला आहे. अँड्रॉइड घडविताना गूगलने जावाच्या साठ्यातील साधनांची नावे आणि मांडणी, सुमारे ११,५०० ओळी, तशाच घेतल्या. आतील काम मात्र स्वतः लिहिले. जावाची मालकी आलेल्या ओरॅकलने दावा लावला, आणि तो दहा वर्षांहून अधिक काळ चालला. ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन अशा मताने हा वापर न्याय्य ठरविला. साधनांच्या नावांवर स्वामित्वहक्क असतो की नाही या मूळ प्रश्नाचा निकाल न्यायालयाने दिला नाही. तथापि प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी कष्टाने कमावलेली ओळख नव्या ठिकाणी उपयोगात आणता यावी, हे तत्त्व या निर्णयाने बळकट झाले. उसनवारीची मोकळीक असली तरी ऋणनिर्देशाची जबाबदारी त्यामुळे हलकी होत नाही. पायथॉनचे दप्तर उघडून पाहावे: इटरटूल्स कोणाकडून घेतले, टर्टल कोणाचे, हे तेथे पहिल्याच परिच्छेदात नमूद आहे. ज्ञानाच्या व्यवहारातील ही सभ्यता आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य उचलावी.

जे विद्यार्थी उद्या एखाद्या भाषेतील चांगली गोष्ट दुसरीत आणावयास बसतील, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. मूळ साधन प्रथम त्याच्या घरी जाऊन नीट पाहा, आणि त्यातील कोणती गोष्ट विचाराची व कोणती केवळ त्या घरच्या अडचणीची, हे निवडा. विचार घ्या, अडचण तेथेच राहू द्या. नव्या भाषेत मालकी कोणाची, चूक कशी सांगावयाची, मोजणी कोठून सुरू होते, हे त्या भाषेच्या वहिवाटीने ठरवा. ज्यांचे घेतले त्यांचे नाव पहिल्या ओळीत लिहा. आणि काम पुरे झाले असे वाटले की ते जगापुढे ठेवण्यापूर्वी एखाद्या नवशिक्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्या, शेजारी स्वस्थ बसा, आणि ते मूल जेथे अडेल तेथे आपला शब्द बदला. वर्ध्यात गीताई अशीच पुरी झाली.